सुपरचार्ज केलेली एमजीबी ४५०० च्या पुढे अडखळते: कॅम आणि स्प्रिंगा विकत घेण्याआधी काय तपासायचं

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीवर ब्लोअर (म्हणजे सुपरचार्जर, इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) बसवला की वर्षा-दोन वर्षांत हमखास येणारी एक तक्रार आहे. गाडी सुरू होते, आयडल ठीक, गावात छान चालते. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गियरमध्ये पाय पूर्ण दाबला की मात्र ४५०० आरपीएमच्या आसपास इंजिन मिसिंग मारायला लागतं आणि काटा वर सरकत नाही. तोवर मालकाने ठरवलेलं असतं की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बूस्टपुढे (ब्लोअरने वाढवलेल्या दाबापुढे) कमी पडतायत. मग कडक डबल स्प्रिंगा, 'फास्ट रोड' कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट), रोलर रॉकर अशी खरेदीची यादी तयार होते.

ती यादी बाजूला ठेवा. मी इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये याच गाड्यांवर काम करतो आणि हा दोष पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे. बहुतेक वेळा कारण ठिणगीत किंवा पेट्रोलमध्ये सापडतं. तिथे नसेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाजूला सापडतं. चुकीचा कॅम घातला तर दोष तसाच राहतो आणि ब्लोअरचा निम्मा फायदाही जातो.

हे सगळं १९६२ ते १९८० च्या एमजीबीबद्दल आहे: १७९८ सीसीचं, ओतीव लोखंडी हेडचं, पुशरॉडवर चालणारं बी-सिरीज इंजिन आणि त्यावर नंतर बसवलेला ईटन एम४५ सारखा ब्लोअर, ५-६ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) बूस्टचा. भारतातल्या वाचकांना हे इंजिन परकं वाटू नये. अँबॅसिडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं. ज्या मिस्त्रीने अँबॅसिडरचे टॅपेट सेट केलेत, त्याचा हात इथेही बरोबर बसतो.

लक्षणं

आधी आपली तक्रार यातली नेमकी कोणती ते ओळखा. पुढचा सगळा शोध त्यावर ठरतो.

- भाराखाली मिसिंग, पण न्यूट्रलमध्ये रेस केली तर तेच आरपीएम सहज पार होतं.
- न्यूट्रलमध्येही त्याच आरपीएमला इंजिन फडफडतं आणि वरून खडखडाट ऐकू येतो.
- टॅपेटचा आवाज सेटिंग केल्यावर जातो आणि काही शे मैलांत परत येतो, तोही एकाच जागेवरून.
- याच्या उलट, पूर्वी वाजणारं इंजिन आपोआप शांत झालं, पण आयडल बिघडलं आणि सकाळी स्टार्टिंग जड झालं.
- पुली आणि बेल्ट तेच असताना बूस्ट गेज पूर्वीपेक्षा जास्त दाखवतं, ताकद मात्र कमी.
- ब्लोअर किंवा कार्ब्युरेटरमधून उलटा 'फट्ट' आवाज येतो.

शेवटचं लक्षण दिसलं तर गाडी चालवणं तिथेच थांबवा. बहुतेक किटमध्ये एस.यू. कार्ब्युरेटर ब्लोअरच्या आधी असतो. म्हणजे ब्लोअर आणि मॅनिफोल्ड दोन्ही पेट्रोलच्या वाफेने भरलेले असतात. उलटा भडका तिथे पोचला तर मॅनिफोल्डचं गॅस्केट उडतं, ब्लोअरच्या रोटरला इजा होते, आग लागू शकते. कारण सापडेपर्यंत गाडी ट्रकवर घालूनच हलवा.

पाचव्या लक्षणाकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. बूस्ट वाढलं म्हणून मालक खूश असतो. पण रूट्स जातीचा ब्लोअर प्रत्येक फेऱ्याला ठरावीकच हवा ढकलतो. एम४५ साठी ती ४५ घनइंच, म्हणजे पाऊण लिटरच्या जरा आत. गेजवर दिसणारा दाब म्हणजे त्या हवेला पुढे झालेला अडथळा. पुली न बदलता दाब वाढला, तर हवा सिलिंडरमध्ये जायला कुठेतरी वाट अरुंद झाली आहे. इनलेटचा कॅम-लोब (कॅमवरचा व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा) झिजून व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नसेल तर नेमकं हेच होतं. बूस्ट कमी झालं असेल तर उलट अर्थ: बेल्ट घसरतोय, बायपास व्हॉल्व्ह गळतोय किंवा गॅस्केट फुटलंय.

पहिली तपासणी: न्यूट्रल आणि भार

खर्च शून्य. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर न्यूट्रलमध्ये हळूहळू ५००० पर्यंत नेऊन लगेच सोडा. तिथे धरून ठेवू नका. सहज गेलं, तर व्हॉल्व्ह फ्लोटची शक्यता जवळजवळ संपली. फ्लोट म्हणजे व्हॉल्व्ह कॅमचा पाठलाग सोडून हवेत तरंगणं. ते प्रामुख्याने वेगावर अवलंबून असतं, भारावर फार कमी. ठिणगी आणि पेट्रोलचे दोष मात्र भार आला की उघडे पडतात.

एक गोष्ट लक्षात घ्या. एमजीबीच्या टॅकोमीटरवर लाल पट्टा ६००० ला सुरू होतो. मूळ कॅम आणि धडधाकट मूळ स्प्रिंगा असलेलं इंजिन तिथपर्यंत व्हॉल्व्ह सांभाळतं. ४५०० लाच फ्लोट होत असेल तर स्प्रिंगा थकल्या आहेत किंवा तुटल्या आहेत, त्यांना 'अपग्रेड' हे उत्तर नाही.

बूस्टमुळे स्प्रिंगवर किती भार येतो याचा हिशोबही करून बघा. सुरुवातीच्या हेडमधला इनलेट व्हॉल्व्ह १.५६५ इंच, म्हणजे जवळजवळ ४० मिमी व्यासाचा. ६ पीएसआय दाब त्याच्या पाठीवर सुमारे ५ किलोचा जोर लावतो, १० पीएसआयला पावणेनऊ किलो. सीटवर व्हॉल्व्ह दाबून धरणाऱ्या स्प्रिंगच्या ताकदीपुढे हा आकडा लहान आहे. त्यामुळे ५-६ पीएसआयसाठी रेसिंगच्या स्प्रिंगा लागतात हे मला पटत नाही. चांगल्या, एकसारख्या, मापात बसवलेल्या स्प्रिंगा लागतात.

दुसरी: ठिणगी

प्लगच्या फटीतली हवा जितकी दाट, तितकी ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. बूस्टखाली हवा दाट होते, म्हणून बिना-ब्लोअर इंजिनात चालून जाणारी कॉइल इथे हात टेकते. लक्षण अगदी फ्लोटसारखं.

प्लग काढून फट मोजा. कुणी ती ३५ थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ठेवली असेल तर २५ थाऊवर आणा, म्हणजे ०.६४ मिमी. एवढ्या एका कामाने गाडी बरी झालेली मी अनेकदा पाहिली आहे. मग प्लगची उष्णता-श्रेणी बघा. मूळ इंजिनाला एनजीके बीपी६ईएस चालतो. ब्लोअरसाठी एक पायरी थंड, म्हणजे बीपी७ईएस. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की गरम. कंपनी बदलताना इथेच गोंधळ होतो आणि थंड समजून गरम प्लग बसतो.

डिस्ट्रिब्युटरमधला रोटरही बघा. नव्याने बनलेल्या काही रोटरमध्ये पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेली असते आणि ठिणगी त्या रिव्हेटमधून खाली डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टला जाते. रिव्हेट नसलेला रोटर घ्या.

मग ठिणगीचं टायमिंग. ढोबळ नियम असा की दर पीएसआय बूस्टला सुमारे एक अंश मागे. पण 'सुरक्षित राहू दे' म्हणून टायमिंग वाटेल तेवढं मागे ओढू नका. उशिरा पेटलेलं मिश्रण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतानाही जळत असतं, आणि ती सगळी आग व्हॉल्व्हच्या अंगावरून जाते. बूस्टखाली खडे हलवल्यासारखा नॉकिंगचा आवाज येत असेल तर मात्र टायमिंग पुढे गेलंय किंवा मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, आहे. पाय काढा, आणि कारण मिळेपर्यंत पुन्हा बूस्टमध्ये जाऊ नका.

तिसरी: पेट्रोल

फ्लोट-चेंबरला जाणारा पाइप काढून पंप किती पेट्रोल देतो ते मोकळ्या जागेत, गार इंजिनवर, बाटलीत मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. फिल्टर, टाकीच्या झाकणाचं छिद्र, एस.यू. च्या डॅशपॉटमधलं तेल ही तीन कामं याच वेळी उरकून घ्या. मिश्रण मोजायचा योग्य मार्ग म्हणजे एक्झॉस्टमध्ये बसणारा वाइडबँड सेन्सर. पूर्ण बूस्टला हवा आणि पेट्रोलचं गुणोत्तर १२ च्या आसपास हवं.

इथे आजच्या पेट्रोलचा विचार करावाच लागतो. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, भारतातल्या पंपांवर आता २० टक्के. इथेनॉलला जळायला कमी हवा पुरते, म्हणून कार्ब्युरेटरची सुई तीच ठेवली तर ई-१० वर मिश्रण साधारण चार टक्के आणि ई-२० वर सात-आठ टक्के पातळ पडतं. बिना-ब्लोअर गाडीत हे एक वेळ निभावतं. बूस्टखाली पातळ मिश्रण म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्हला भट्टी. प्लगची चिनी माती पांढरीफट्ट दिसत असेल तर आधी सुई बदला, पुढचं काम मग.

चौथी: टॅपेट, आणि त्यांची वही

ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तिला लागतं फक्त फीलर गेज. म्हणून इथे जरा थांबून लिहितो.

मूळ कॅमसाठी गार इंजिनवर फट (रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा हात, आणि व्हॉल्व्हचं टोक यांच्यातली) १५ थाऊ, म्हणजे ०.३८ मिमी. नंतरच्या काही इंजिनांना वेगळा आकडा आहे आणि बदललेल्या कॅमला त्याच्या कार्डावरचा आकडा, म्हणून आधी आपल्या इंजिनाचा आकडा नक्की करा. व्हॉल्व्ह पुढून मागे १ ते ८ मोजा. नियम नऊचा: आठवा पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिला सेट करायचा, सातवा उघडा असेल तेव्हा दुसरा, बेरीज नेहमी नऊ. १, ४, ५, ८ हे एक्झॉस्ट. २, ३, ६, ७ हे इनलेट.

सेट करण्याआधी आठही फटी जशा आहेत तशा मोजून वहीत लिहा, तारखेसह. बहुतेक जण थेट सेट करून मोकळे होतात आणि इंजिन जे सांगत होतं ते पुसून टाकतात. काही शे मैलांनी पुन्हा मोजा. दोनच दिशा असतात.

फट वाढत असेल तर कॅमचा लोब, टॅपेट, पुशरॉडचं टोक किंवा रॉकर झिजतोय. आवाज येतो, ताकद जाते, पण लगेच मोडतोड होत नाही. रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर फीलर गेज त्या खड्ड्यावर पुलासारखं आडवं बसतं आणि खरी फट दिसते त्यापेक्षा जास्त असते. 'सेट केलं तरी वाजतंय' याचं हे नेहमीचं कारण.

फट कमी होत असेल तर जास्त काळजी करा. व्हॉल्व्ह हेडमध्ये आत बसत चाललाय. बी-सिरीजच्या मूळ हेडमध्ये वेगळ्या सीट नाहीत. सीट थेट हेडच्या लोखंडात कापलेली आहे. शिशाच्या पेट्रोलमधलं शिसं त्या सीटवर पातळ थर धरायचं आणि लोखंड वाचायचं. २००० साली ब्रिटनमध्ये आणि भारतातही ते पेट्रोल सर्वसाधारण विक्रीतून गेलं. तेव्हापासून गरम एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटच्या लोखंडाचे सूक्ष्म कण ओरबाडून नेतो आणि आत आत बसतो. हळू चालवलेल्या गाडीत याला वर्षं लागतात, बूस्टवर पळवलेल्या गाडीत एक उन्हाळा पुरतो.

फट संपली की व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सुमारे तीन-चतुर्थांश उष्णता सीटमधूनच हेडमध्ये जाते, उरलेली स्टेम आणि गाईडमधून. टेकणं थांबलं की ती वाट बंद होते आणि व्हॉल्व्हची कड जळून खाच पडते. म्हणून टॅपेटचा आवाज बंद झाला की मी खूश होत नाही. वाजणारा टॅपेट बरा, गप्प झालेला आधी बघावा लागतो.

४ आणि ५ नंबरचे आकडे विशेष बघा. एक्झॉस्टला एकूण तीनच तोंडं आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे एक्झॉस्ट मधल्या एकाच तोंडातून बाहेर पडतात. हे दोन व्हॉल्व्ह शेजारी शेजारी, एकाच भट्टीत. फट तिथेच आधी कमी होते आणि हेडला तडा गेला तर तोही बहुधा त्या दोन सीटच्या मध्ये.

पाचवी: कॉम्प्रेशन आणि गळती

चारही प्लग काढा, कॉइलची आणि पेट्रोल पंपाची वायर सोडा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा. ब्लोअर मध्ये असल्याने थ्रॉटल बंद राहिला तर आकडे काहीही येतात. आकडा किती यापेक्षा चारांत फरक किती हे बघा. एक सिलिंडर इतरांपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्यात थोडं तेल सोडून परत मोजा. वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

लीक-डाउन गेज मिळालं तर अर्धा तास आणखी द्या, कारण ते जागा दाखवतं. सिलिंडर टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर), दोन्ही व्हॉल्व्ह बंद, आत हवा भरा आणि ऐका. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेट, तेलाच्या झाकणातून आली तर रिंग. रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे गॅस्केट किंवा तडा. हवा भरताना गाडी गियरमध्ये ठेवून क्रँक अडवा. पाना क्रँकच्या नटवर ठेवून हवा सोडू नका, तो फिरून हातावर बसतो.

सहावी: कॅमचे लोब, रॉकर न उघडता

रॉकर कव्हर काढा, डायल गेज मॅग्नेटिक स्टँडवर लावा, टोक व्हॉल्व्हच्या कॅपवर. इंजिन हाताने दोन फेरे फिरवा आणि प्रत्येक व्हॉल्व्ह किती खाली जातो ते लिहा. मूळ कॅमला साधारण ९ मिमी. चारही एक्झॉस्ट आपसात जुळायला हवेत, चारही इनलेट आपसात. एखादा १० थाऊने मागे असेल तर रॉकर आणि पुशरॉड तपासा. ते ठीक असतील तर लोब गेला.

इथे ब्लोअरचा थेट संबंध आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमध्ये अजून दाब असतो आणि बूस्टमुळे तो जास्त असतो. त्या दाबाविरुद्ध व्हॉल्व्ह ढकलायचं काम लोब, टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर यांच्यावर येतं. त्यावर कडक स्प्रिंगा घातल्या की सपाट तळाचा टॅपेट आणि लोब यांच्यातली तेलाची पातळ फिल्म टिकत नाही. लोब वाचवण्यासाठी टॅपेट स्वतःभोवती फिरत राहावा लागतो. कव्हर काढून इंजिन आयडलला ठेवा आणि पुशरॉड बघा: फिरत असतील तर टॅपेटही फिरतायत. एखादा थांबलेला दिसला तर त्याचा लोब झिजायला लागलेला असतो.

तेलाचाही हात आहे. आजच्या गाड्यांसाठीच्या पातळ तेलांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवायला जस्त-फॉस्फरसचं संयुग कमी केलंय. फॉस्फरसची मर्यादा ८०० पीपीएम. या इंजिनाला जुन्या गाड्यांसाठी बनवलेलं २०डब्ल्यू-५० घ्या, ज्यात ते १००० पीपीएमच्या वर असेल.

रॉकर शाफ्ट काढायचीच वेळ आली तर एक खबरदारी. पेडेस्टलचे (शाफ्टला धरणाऱ्या खांबांचे) चार मोठे नट हे हेडचेच नट आहेत. ते एकटे सोडले तर हेड एका बाजूने उचललं जातं, वाकतं आणि गॅस्केट जातं. पाणी काढा, हेडचे सगळे ११ नट क्रमाने थोडे थोडे सैल करा, आणि बसवताना ५० फूट-पाउंडवर क्रमाने आवळा. पेडेस्टलचे लहान नट २५ वर.

सातवी: स्प्रिंगा

आता स्प्रिंगांची पाळी, इतक्या उशिरा. स्प्रिंग बाहेर काढून टेस्टरवर बसवलेल्या उंचीला दाबा आणि मॅन्युअलशी ताडा. १० टक्क्यांहून जास्त उतरली असेल किंवा आठांत एकसारखेपणा नसेल तर आठही बदला. व्हॉल्व्ह आत बसला असेल तर स्प्रिंगची बसलेली उंची वाढते आणि चांगली स्प्रिंगसुद्धा सीटवर कमी जोर देते, हे विसरू नका. तिथे नवी स्प्रिंग घालून दोष झाकला जातो, मूळ कारण सीटमध्येच राहतं.

टायमिंग चेनही बघून घ्या. ढिली असेल तर बदला. कॅम मागे पडतो आणि खालचा दम जातो.

इथे थांबा

पुढचं काम घरच्या गॅरेजमधलं नाही. खालीलपैकी काहीही दिसलं तर इंजिन मशीन शॉपकडे किंवा जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या जाणकार इंजिनवाल्याकडे न्या: लीक-डाउनमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय, रेडिएटरमध्ये बुडबुडे आहेत, तेलात किंवा फिल्टरमध्ये चमचमणारा कीस आहे, पुशरॉड वाकलाय, पिस्टनवर व्हॉल्व्हचा ठसा दिसतोय, लोब गेलाय. कीस दिसल्यावर 'एकदा चालवून बघू' करू नका. तोच कीस तेलातून क्रँकच्या बेअरिंगमध्ये जातो आणि हेडच्या खर्चात पूर्ण इंजिनाचा खर्च जमा होतो.

सीट कापणं आणि नवी सीट ठोकणं हातावरच्या अंदाजाने होत नाही. इन्सर्टसाठी कापताना पाण्याच्या जागेपर्यंत पोचायला फार अंतर नसतं. हेड आधी दाबाने तपासून घ्या, ४-५ च्या मध्ये तडा असेल तर पैसे सीटवर घालण्याआधीच कळायला हवं.

मग काय निवडायचं

हेड उघडलंच आहे तर पैसे या क्रमाने घाला, असं माझं मत आहे.

सगळ्यात आधी चारही एक्झॉस्टला कठीण सीट-इन्सर्ट. त्यानंतर २१-४एन जातीच्या स्टेनलेसचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. रस्त्यावरच्या ५-६ पीएसआय गाडीला ते पुरतात. निमोनिक वगैरे महाग धातू सतत भाराखाली पळणाऱ्या गाड्यांसाठी. ब्राँझ गाईड घेतले तर स्टेमची उष्णता चांगली निघते, पण हा स्टेनलेस जास्त फुगतो, म्हणून एक्झॉस्ट गाईडमधली फट व्हॉल्व्ह बनवणाऱ्याने सांगितलेलीच ठेवायला लावा. घट्ट ठेवली तर गरम होऊन व्हॉल्व्ह अडकतो. एक्झॉस्टची सीट दीड ते दोन मिमी रुंद मागा. रेसिंगवाले ती अरुंद करतात. तुमच्या गाडीत उष्णता बाहेर जायची ती मुख्य वाट आहे.

स्प्रिंगा: नव्या, कॅमला जुळणाऱ्या, मूळपेक्षा थोड्याच कडक. पूर्ण लिफ्टला कॉइल एकमेकींना टेकण्याआधी किमान दीड मिमी जागा, आणि कॅप व गाईड यांच्यात तेवढीच.

कॅम सगळ्यात शेवटी, आणि बहुतेकांना तो लागतच नाही. मूळ कॅमचा हिशोब असा: इनलेट टीडीसीच्या १६ अंश आधी उघडतो, बीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात खाली) ५६ ला बंद होतो; एक्झॉस्ट बीडीसीच्या ५१ आधी उघडतो, टीडीसीनंतर २१ ला बंद. म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी ३७ अंश उघडे असतात. बिना-ब्लोअर इंजिनात हा ओव्हरलॅप वाढवला की वरच्या वेगाला बाहेर जाणारा एक्झॉस्ट नवं मिश्रण आत ओढतो, म्हणून 'फास्ट रोड' कॅम तो वाढवतात. ब्लोअरवाल्या इंजिनात ओढायची गरजच नाही, मिश्रण दाबानेच येतं. ओव्हरलॅप वाढवलात तर तेच दाबलेलं, पैसे मोजलेलं मिश्रण सरळ सायलेन्सरमध्ये जाऊन तिथे जळतं. पेट्रोल जास्त, ताकद कमी, एक्झॉस्ट आणखी गरम.

बदलायचाच असेल तर इनलेट आणि एक्झॉस्टच्या लोबमधला कोन रुंद मागा. वरच्या आकड्यांवरून मूळ कॅमचा तो १०७.५ अंश येतो. ब्लोअरसाठी ११० ते ११४, आणि एक्झॉस्टचा कालावधी इनलेटपेक्षा थोडा जास्त. ब्लोअरची मजा २५०० ते ५००० मध्ये आहे, ७००० साठी कोरलेला कॅम इथे काय करणार? रोलर रॉकरचंही तसंच. जास्त गुणोत्तराचे रॉकर लिफ्ट वाढवतात, पण लोबवरचा भारही वाढवतात. तुमचा रॉकर शाफ्ट खालून झिजला असेल तर नवा शाफ्ट आणि बुश घातलेले मूळ रॉकर हे जास्त शहाणपणाचं. लिफ्ट किंचितही वाढवली, किंवा हेड घासून पातळ केलं असेल, तर पिस्टनवर प्लॅस्टिसिनचा गोळा ठेवून इंजिन हाताने फिरवा आणि जाडी मोजा: इनलेटला किमान २ मिमी, एक्झॉस्टला अडीच. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकच्या कडेला लागत नाही ना, तेही त्याच वेळी बघा.

नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीच नाहीत. लोबवर असेंब्लीची काळी पेस्ट लावा. डबल स्प्रिंगा असतील तर पहिल्या धावेसाठी आतल्या काढून ठेवा. ब्लोअरचा बेल्ट सोडून इंजिन चालवायचा मोह टाळा, कार्ब्युरेटर त्याच्या आधी असेल तर मिश्रण नीट पोचत नाही. तेलाचा दाब आधी स्टार्टरवर, प्लग काढून, वर आणा. मग सुरू झाल्याबरोबर २००० च्या आसपास वीस मिनिटं, आयडलला न सोडता, वेग थोडा वर-खाली करत. तेल आणि फिल्टर लगेच बदला, फिल्टर कापून आतला कागद उजेडात बघा. त्यानंतर आतल्या स्प्रिंगा बसवा, टॅपेट गार असताना सेट करा आणि आठ आकडे वहीत नव्या पानावर लिहा. पुढची मोजणी ३०० मैलांनी, ४ आणि ५ पासून सुरू करून.